बालगंधर्व पुरते ऐकायचे तर

कामरेज चार रस्त्यापासून जवळच, तापीच्या बाजूच्या आमच्या सोसायटीत काही मराठी कुटुंबं अधूनमधून नाट्यसंगीत ऐकायला जमतात. कुणी मूळचे बडोद्याचे, कुणी खानदेशातून सुरतेच्या कापडधंद्यात आलेले. शेजारचे सौराष्ट्रातले हिऱ्याच्या धंद्यातले भाईही आता बोलावणं न धाडता येऊन बसतात. मराठी रंगभूमीवर गात्या स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांना आमच्यापैकी कुणीच रंगभूमीवर पाहिलेलं नाही. तरी गप्पा त्यांच्यावर येतातच, आधी त्यांच्या गळ्यावर आणि मग त्यांच्या अखेरच्या वर्षांवर. या बैठकांतून माझ्या मनाशी जे पक्कं झालं ते लिहिते आहे.

१. तबकडीला प्रयोग समजू नये.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर तेच पद वन्स मोअर घेत घेत कितीतरी वेळ चाले आणि नाटक संपेपर्यंत पहाट व्हायची. सुरुवातीच्या मुद्रणात मायक्रोफोनही नव्हता, कर्ण्यासमोर गावं लागे. त्यामुळे एखादा नवा श्रोता ‘यात एवढं काय आहे?’ असं म्हणाला तर मला राग येत नाही. मी त्याला सांगते, ताना मोजू नकोस, शब्द कुठे ठेवलाय ते बघ. शब्द मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतो, आता सम चुकणार असं वाटतं आणि तो अगदी सहज समेवर येतो. भास्करबुवा बखल्यांकडून मिळालेली ख्यालाची विद्या त्यांनी पदात अशी मुरवली की बाई बोलता बोलता गाऊ लागली असंच वाटावं. मला तरी हे पुन्हा कुणाच्या गळ्यात ऐकू आलेलं नाही.

२. कर्जाचा हिशेब मांडायच्या आधी रंगमंच डोळ्यांसमोर आणावा.

१९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंसांनी, म्हणजेच बालगंधर्वांनी, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे भागीदार निघून गेले आणि बोजा एकट्यावर आला. ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ अशी नाटकं त्यांनी ज्या थाटात उभी केली तो आज ऐकतानाही खरा वाटत नाही. खरे भरजरी शालू, गालिचे, अत्तराचा दरवळ, मयसभेचा देखावा. तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीने एवढे मोठे कलावंत पदरी बाळगायचे, ही गोष्ट साधी नव्हे. १९२१ च्या सुमारास कर्ज लाखावर गेलं होतं, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी ते गाऊनच फेडलं.

‘त्यांना व्यवहार कळत नव्हता’ हे वाक्य आमच्याकडेही दर खेपेला कुणीतरी उच्चारतं. मला ते अपुरं वाटतं. प्रेक्षकाला कमी द्यायचं नाही हा त्यांचा स्वभाव होता, आणि तो गाण्यात एक आणि खर्चात दुसरा असा नव्हता. काटकसरीने नाटक उभं करणारे नारायणराव असते तर ते तसे गायले असते का, याची मला दाट शंका आहे.

३. सिंधू आठवावी.

आमचं कामरेज तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होतं, आणि गंधर्व मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यातच झाला, फेब्रुवारी १९१९ मध्ये. नाटकाचे लेखक गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात वारले होते. ज्यांच्या नऊवारीची आणि केसांच्या वळणाची नक्कल घरंदाज बायका करत, ते बालगंधर्व या नाटकात ठिगळाचं लुगडं नेसून, अंगावर दागिना नसताना सिंधू म्हणून उभे राहिले. आमच्यातल्या बडोद्याच्या मावशी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगतात, की बायका घरी येऊन दुसऱ्या दिवशीही डोळे पुसत होत्या. श्रीमंती थाटाशिवायही तो गळा काय करू शकत होता, हे या भूमिकेने दाखवलं.

४. पडझडीला एकच गुन्हेगार शोधू नये.

हा मुद्दा निघाला की आमच्याकडे आवाज चढतात. पुढे मंडळीत आलेल्या गायिका गोहरबाई कर्नाटकींचं नाव येतं आणि सगळा दोष एका बाईच्या पदरात टाकून लोक मोकळे होतात. पण साल बघा. १९३१ मध्ये बोलपट आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. नारायणराव तेव्हा पंचेचाळिशीत होते, अंग सुटलेलं होतं, आणि ज्या कलेवर त्यांचं सगळं उभं होतं तिची गरजच उरत नव्हती. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते पुरुषवेषात, एकनाथ म्हणून पडद्यावर आले आणि तिथे रमले नाहीत. कॅमेऱ्यापुढे समोर बसलेला रसिक नव्हता, आणि त्यांना तो हवा होता.

गोहरबाई मंडळीत आल्या त्या यानंतर. घर दुभंगलं, जुनी माणसं दुरावली, हे खरंच आहे, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेलं दुःख मी कमी लेखत नाही. पण गोहरबाई स्वतः तयारीच्या गायिका होत्या, त्यांच्या गाण्यावर बालगंधर्वांची गडद छाया होती, आणि पैसा व प्रकृती दोन्ही गेल्यावरही १९६४ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या त्यांच्यासोबत होत्या. त्यांच्याविषयी दोन शब्द नीट बोलायला आपल्याला एवढा त्रास का व्हावा?

५. आपला, म्हणजे चाहत्यांचा, वाटा मान्य करावा.

१२ मार्च १९११. ‘संगीत मानापमान’चा मुंबईतला पहिला प्रयोग. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, हसले, गायले. ही कथा आपण शंभर वर्षं अभिमानाने सांगतो आहोत. मला ती आता अभिमानाने सांगवत नाही. त्या रात्री घरात लक्ष्मीबाई कशा असतील, हे आपल्या कथेत कुठेच येत नाही. बावीस वर्षांच्या बापाला ‘आज नको’ म्हणायची मोकळीक नव्हती, आणि पुढेही ती कधी मिळाली नाही. साठीकडे झुकलेल्या माणसाला शालू नेसवून उभं करणारी मागणी आपलीच होती, आणि तिकीट काढून येऊन ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणणारेही आपणच होतो.

६. थांबलेल्या माणसाशी तुलना जपून करावी.

सौराष्ट्राच्या भाईंनी एकदा जयशंकर ‘सुंदरीं’चं नाव काढलं. गुजराती रंगभूमीवरचे स्त्रीभूमिकांचे बादशहा, जन्म १८८९ चा, म्हणजे बालगंधर्वांहून अवघ्या वर्षाने लहान. ते १९३२ मध्ये रंगभूमी सोडून विसनगरला गेले, आणि पुढे अहमदाबादेत परतले ते शिक्षक व दिग्दर्शक म्हणून. ‘मेना गुर्जरी’ हे नाटक त्यांच्याच हातून घडलं. दोघांनाही पद्मभूषण मिळालं, बालगंधर्वांना १९६४ मध्ये, सुंदरींना १९७१ मध्ये. भाईंचा प्रश्न रास्त होता: तुमच्या नारायणरावांना हे का जमलं नाही?

मला उत्तर असं सुचतं, की सुंदरींकडे सांगण्या-शिकवण्याजोगा अभिनय होता, तो दुसऱ्याच्या अंगात घालता येत होता. बालगंधर्वांची सगळी पुंजी त्यांच्या स्वतःच्या कंठात होती आणि समोर रसिक बसल्याशिवाय ती उघडत नव्हती. शिवाय डोक्यावर देणी. हे उत्तर भाईंना पुरतं पटलं नाही, आणि आमचा हा वाद अजून चालू आहे.

७. शेवटचं गाणं टाळू नये.

उतारवयात पायांनी साथ सोडली, चालता येईना. दुसऱ्यांनी उचलून आणून बसवावं आणि त्यांनी भजन गावं, अशी ती वर्षं होती. त्या काळातली मुद्रणं लावली की काहीजण ‘बंद करा, बघवत नाही’ म्हणतात, जणू काही डोळ्यांनी पाहताहेत. मी बंद करू देत नाही. आवाज थकलेला आहे, श्वास पुरत नाही, वरचा षड्ज लागतो न लागतो. पण शब्द ठेवण्याची जागा तीच आहे, समेवर येण्याची ती रीतही तशीच. तारुण्यातल्या गोड आवाजाने जे झाकलं जात होतं ते इथे उघडं ऐकू येतं, की हे गाणं मुळात लयीच्या आणि अर्थाच्या समजेवर उभं होतं. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा त्यांनीही आवाजाची नक्कल केली नाही, ही समजच घेतली.

अडचण एवढीच आहे की आज जी मुद्रणं हातोहात फिरतात त्यांतल्या बहुतेकांवर साल नसतं, गाव नसतं, साथीला कोण होतं ते नसतं. तरुण गळा आणि थकलेला गळा एकाच यादीत एकापाठोपाठ येतात, आणि नव्या श्रोत्याचा गोंधळ होतो. बडोदा, पुणे, सांगली, मुंबई इथल्या कितीतरी घरांत खासगी बैठकांच्या टेप असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी घरातली वडील मंडळी आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून ऐकाव्यात, आणि कुठलं साल, कुणाचं घर, तबल्याला कोण, हे डब्यावर लिहून ठेवावं. मावशींच्या माहेरच्या अशा दोन टेप बडोद्याहून यायच्या आहेत. त्या आल्या की पुढची बैठक त्यांचीच.