'आउटस्टँडिंग' म्हणजे काय?

आठवीत असताना सरांनी माझ्या निबंधाच्या वहीवर लाल शाईने 'आउटस्टँडिंग' असा शेरा दिला होता. अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले, "उत्कृष्ट." तो अर्थ मी जिवापाड जपला. त्याच साली मार्च महिन्यात जुन्या शहरातील आमच्या घरी बँकेचे इंग्रजी पत्र आले. आजोबांनी कपाशीसाठी पीककर्ज काढलेले होते.

"काय म्हन्ते रे बँक?" त्यांनी विचारले.

पत्रात 'आउटस्टँडिंग' होते, 'इंटरेस्ट' होते, 'प्रिन्सिपल' होते. मी छातीठोकपणे सांगितले, "आबाजी, तुमचं खातं उत्कृष्ट आहे. साहेबांना आवडलं!" बँकेत प्राचार्य कशाला, हे कोडे सुटेना, म्हणून तेवढा शब्द गाळला. कापसाचे पैसे पेटीत पडून राहिले, ३१ मार्च उलटला आणि मुदतीत फेडणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलत बुडाली.

तेव्हापासून साध्या इंग्रजी शब्दांची मला धास्ती बसली आणि धास्तीतूनच नाद लागला. मोठे शब्द त्या मानाने सरळमार्गी असतात; फसवतात ते लहान, रोजचे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ आहेत. पुढे सुधारणेच्या कामात 'रन' ६४५ वर जाऊन पोहोचला!

परंतु हा सारा गोंधळच आहे असे मात्र नव्हे. 'आउटस्टँडिंग' म्हणजे बाहेर उभे असलेले. चारचौघांतून उठून दिसते ते उत्कृष्ट. फिटले नाही, बाहेरच उभे राहिले ते थकीत. आपला व्यापारीही "पैसा बाहेर आहे" असेच म्हणतो ना? 'प्रिन्सिपल' म्हणजे पहिला, मुख्य. मग तो महाविद्यालयाचा असो की कर्जाचा. 'फाइन'च्या पोटात लॅटिनमधला 'शेवट' आहे. शेवटास नेलेले काम ते सुरेख, आणि पैसे भरून तंटा संपवला तो दंड. 'बँक' म्हणजे पेढी, तसाच नदीचा काठ. तेव्हा आमच्या मोर्णेलाही दोन 'बँका' आहेत, कर्ज मात्र कोणतीच देत नाही. पैशाची बँक इटालियन भाषेतील सराफाच्या बाकावरून आली. आपला 'बाक' पोर्तुगिजांकडून आलेला, म्हणजे दोघे भाऊबंदच.

इंग्रजीला नावे ठेवण्यापूर्वी आपले 'लागणे' पाहावे. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते. झाडाला फळ लागते, पोरगा नोकरीला लागतो, निकाल लागतो, आणि या सर्वांना पैसे लागतात. परक्या माणसाने यातला एकच अर्थ पाठ केला तर त्याची काय गत होईल? मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा या शब्दाने त्यांना किती घाम फोडला असेल! आपण हे अर्थ कधी पाठ केले नाहीत. ते वाक्यांतून, घरादारातून कानावर आले. इंग्रजी शब्दांचे अर्थ मात्र आपण वहीत दोन रकाने आखून, एकासमोर एक मांडतो. मी आता तशी वही ठेवीत नाही. शब्द अडला की अख्खे वाक्य उतरवून घेतो.

असो. पत्रे अजूनही माझ्याकडेच येतात. परवा आबाजींनी बोट ठेवून विचारले, "हे 'ड्यू' काय व्हय?"

मी म्हणालो, "देणं. उच्चार तोच, पण स्पेलिंग निराळं, असा आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ पहाटेचं दव."

"दव राहू दे बावा," ते म्हणाले, "तारीख सांग."