एका रेषेचा माणूस

कागदावर पेन्सिल टेकवा आणि ती न उचलता एक माणूस काढून पाहा. डाव्या कडेपासून सरळ जमीन काढीत यावे. मग पाय, पोट, नाक, डोके, पाठ असे वळत पुन्हा जमिनीवर उतरावे आणि उजवी कड गाठावी. जी रेषा जमीन होती तीच माणूस झाली आणि पुन्हा जमीन झाली! या अखंड रेषेच्या माणसाला संगणकावर चालते कसे करावे, हे सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ही कला नवी नव्हे. फ्रान्समधील एमिल कोल यांनी १९०८ साली सुमारे ७०० चित्रे काढून ‘फँटास्मागोरी’ नावाचा दोन मिनिटांहूनही लहान चित्रपट केला. चित्रे होती पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची. परंतु त्यांनी चित्रफितीची उलटी प्रत वापरली, त्यामुळे फळ्यावर खडूने रेघा ओढल्याचा भास होतो. पुढे १९६९ साली इटलीचे ओस्वाल्दो काव्हांदोली (१९२०–२००७) यांनी ‘ला लिनेआ’, म्हणजे ‘रेषा’, ही मालिका निर्माण केली. तिचा आरंभ लागोस्तिना या स्वयंपाकाची भांडी करणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतून झाला. तीतील नायक रेषेवरून चालत असतो. मध्येच रेषा संपते, तो थबकतो आणि चित्रकारावर संतापतो. मग पेन्सिल धरलेला एक हात येतो व पुढील वाट काढून देतो. नायकाची बडबड कोणत्याच भाषेतील नव्हे; तरी कार्लो बोनोमी यांच्या आवाजाच्या चढउतारावरून त्याचा राग, लोभ, भीती सर्व समजते. आमच्या शाळेत घरी कोकणी बोलणारी मुले आहेत, कन्नड बोलणारीही आहेत. या माणसाचे बोलणे त्या सर्वांना सारखेच कळते.

आता कृतीकडे वळू. चित्रपटात एका सेकंदास २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा दाखविले तरी १२ चित्रे हवीत. म्हणजे दहा सेकंदांस १२० चित्रे झाली. हे श्रम हलके करण्यास १९९३ पासून ‘आफ्टर इफेक्ट्स’ हा प्रोग्राम आहे. त्यासाठी वर्गणी भरावी लागते. परंतु ‘ब्लेंडर’ नावाचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो व त्यातही रेषाचित्रे हलविण्याची सोय आहे.

‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये प्रथम पेन टूलने बिंदू देत रेषा आखावी. आतील रंग काढून टाकावा, केवळ रेषेची जाडी ठेवावी. रेषेची दोन्ही टोके पडद्याच्या बाहेर न्यावीत, म्हणजे जमीन कोठून आली व कोठे गेली हा प्रश्न उरत नाही. नंतर ‘ट्रिम पाथ्स’ ही क्रिया जोडावी. तीत ‘एंड’ हा आकडा शून्यावरून शंभरावर नेला की कोणी समोर बसून काढीत असल्याप्रमाणे रेषा उमटत जाते.

चालविण्यासाठी ‘पाथ’ या गुणास की-फ्रेम द्याव्या. म्हणजे ठरावीक क्षणी रेषेचा आकार नोंदवून ठेवावा. एका पावलास चार अवस्था पुरतात: पाऊल टेकले, अंग खाली दबले, मागचा पाय पुढच्याजवळून गेला, अंग वर उचलले. दुसऱ्या पावलास याच अवस्था पाय बदलून घ्याव्या. पहिली व शेवटची अवस्था एकच ठेवली की चाल पुन्हा पुन्हा फिरविता येते. येथे एक पथ्य अवश्य पाळावे. प्रत्येक अवस्थेत बिंदूंची संख्या तीच असावी, आणि नाकाचा बिंदू नाकाचा व कोपराचा बिंदू कोपराचाच राहावा. बिंदूंचा क्रम चुकला तर यंत्र नाकाला पाठीकडे ओढते आणि माणसाची गाठ होऊन बसते! म्हणून बिंदू आधी कागदावर मोजून घ्यावेत.

दोन अवस्थांमधील चित्रे यंत्र भरते. परंतु ती सारख्या वेगाने भरते, आणि जिवंत माणूस सारख्या वेगाने चालत नाही. पाऊल टाकताना तो संथ होतो, खड्डा दिसला की अडखळतो. तो वेग कमीअधिक करणे आपल्या हाती आहे. माणूस का थांबला, हे यंत्रास ठाऊक नसते. ते आपणांस ठाऊक असावे लागते.

आपल्या पूर्वजांनाही रेषेची ही शिस्त परिचित होती. मोडी लिहिणारे प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलीत अक्षरे लिहीत. रेघ हाच आधार, आणि हात चालता राहणे हीच गती.

“मला चित्रकला येत नाही” असे म्हणून मागील बाकावर बसणाऱ्या मुलांसाठी आम्ही हे विशेष लिहिले आहे. येथे छायाप्रकाश नको, रंगांची पेटी नको. एक रेषा व एक विचार पुरे. वर्गातील चौघांनी मिळून आगामी स्नेहसंमेलनासाठी दहा सेकंदांचा एक माणूस करावा. एकाने बिंदू मोजावेत, दुसऱ्याने चालून दाखवावे, तिसऱ्याने ते पाहून अवस्था काढाव्या, चौथ्याने आवाज द्यावा. त्या माणसापुढे रेषा संपेल, तेव्हा ती कोणत्या दिशेस वळवावी याचा निर्णय मात्र तुम्हीच घ्यावयाचा आहे.