नांवांचा माग : अमेरिकेंतील जुन्या घराण्यांची वंशावळ कशी शोधतात

आपला पणजा कोण, त्याचा पणजा कोण, आणि त्याच्याहि मागें कोण होता, हा प्रश्न प्रत्येक विचारी मनुष्याच्या मनांत केव्हां ना केव्हां तरी उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्या प्रश्नाला विशेष गोडी आली आहे. तेथील मूळ रहिवाशांचीं घराणीं सोडलीं तर बाकीचीं बहुतेक सारीं गेल्या चारशें वर्षांत समुद्रापलीकडून आलेलीं. म्हणून 'आमचा मूळ पुरुष कोणत्या सालीं व कोणत्या गलबतांतून आला?' असें तेथील मुलें आपल्या आजोबांस विचारतात. त्या देशाच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानाशीं आपल्या महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. तेथें जन्मलेले गॉर्डन हॉल हे १८१३ सालींच मुंबईस येऊन पोंचले होते. त्याच संस्थानाच्या किनाऱ्यावर वसलेल्या एका घराण्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों, आणि त्या निमित्तानें तुटपुंज्या कागदांवरून वंशावळ कशी सिद्ध करितात हें वाचकांपुढें ठेवणार आहों.

१६२० सालच्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंडांतील प्लिमथ बंदरांतून 'मेफ्लॉवर' नांवाचें गलबत १०२ उतारू घेऊन निघालें. भर समुद्रांत वादळ चालू असतां जॉन हाउलंड नांवाचा एक धट्टाकट्टा तरुण वर आला, आणि गलबताच्या हिसक्यासरशीं पाण्यांत फेंकला गेला. शिडाची एक दोरी बाहेर लोंबत होती, ती त्याच्या हातीं लागली. तो कित्येक हात पाण्याखालीं गेला तरी त्यानें ती सोडली नाहीं. शेवटीं लोकांनीं त्याला ओढून वर घेतलें. हा जॉन म्हणजे वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांचा नोकर. पहिल्या हिंवाळ्यांत थंडी व रोगराई यांमुळें जवळजवळ निम्मे उतारू मरण पावले. १६२१ च्या एप्रिलांत कार्व्हर वारले, व थोड्याच आठवड्यांत त्यांची पत्नीहि वारली. जॉन मात्र जगला. एलिझाबेथ नांवाच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें, दहा मुलें झालीं, आणि वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावर १६७३ सालीं त्यानें देह ठेविला.

आतां ही एलिझाबेथ कोणाची मुलगी? हाउलंडच्या वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या असें सांगत कीं, ती गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी, कोणी म्हणत नात होती. गोष्ट कानाला गोड लागण्यासारखी होती. तिच्या योगानें सारा वंश पहिल्या गव्हर्नराच्या रक्ताचा ठरत असे. म्हाताऱ्यांनीं ती तरुणांस सांगितली, आणि ते तरुण म्हातारे झाल्यावर त्यांनीं नातवंडांस सांगितली. इतक्या तोंडांनीं सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल, असें कोणासहि वाटावें. परंतु एकच ऐकीव गोष्ट शंभर तोंडांनीं सांगितली म्हणून साक्षीदार शंभर होत नाहींत. ज्यानें ती पहिल्यानें सांगितली तोच काय तो एक साक्षीदार, आणि तो कोण हें कोणासच ठाऊक नव्हतें.

कार्व्हर यांच्यामागून गव्हर्नर झालेले विल्यम ब्रॅडफर्ड यांनीं वसाहतीचा इतिहास स्वहस्तें लिहून ठेविला होता, आणि सुमारें १६५१ सालीं त्याच्या शेवटीं मेफ्लॉवरवरील उतारूंची कुटुंबवार यादी जोडली होती. हें हस्तलिखित पुढें बॉस्टन शहरांतील एका चर्चच्या ग्रंथसंग्रहांत होतें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत तें नाहींसें झालें. १८४४ सालीं इंग्लंडांत निघालेल्या एका ग्रंथांत त्यांतले कांहीं उतारे आले होते. १८५५ सालीं ते बॉस्टनच्या अभ्यासकांच्या नजरेस पडले, आणि हे शब्द ब्रॅडफर्डचेच असें त्यांनीं ओळखलें. चौकशी करितां लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील वाड्यांत, तेथल्या ग्रंथालयांत, ती पोथी मिळाली. १८५६ सालीं ती छापून निघाली, व १८९७ सालीं मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत देण्यांत आली.

त्या यादींत काय निघालें? कार्व्हर यांच्या कुटुंबांत त्यांची मुलगी म्हणून कोणीच नाहीं. निराळ्या एका कुटुंबांत जॉन टिली, त्याची बायको व त्यांची मुलगी एलिझाबेथ अशीं तीन माणसें आहेत. हीं आईबापें किनाऱ्यास उतरल्यावर लौकरच वारलीं, आणि जॉन हाउलंडनें लग्न केलें तें ह्या टिलीच्या मुलीशीं, असें ब्रॅडफर्ड यांनीं स्पष्ट लिहिलें आहे. नवराबायको हयात आहेत, दहाहि मुलें जिवंत आहेत, आणि थोरल्या दोन मुलींचीं मिळून पांच मुलें आहेत, असा हिशेबहि त्यांनीं दिला आहे. पुढें इंग्लंडांतील बेडफर्डशायर परगण्यांत, हेन्लो गांवच्या चर्चच्या नोंदवहींत, एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याची तारीख सांपडली : ३० ऑगस्ट १६०७. म्हणजे गलबतावर ती अवघी तेरा वर्षांची होती, आणि परक्या किनाऱ्यावर थोड्याच दिवसांत पोरकी झाली.

गव्हर्नराची कन्या गेली आणि एक अनाथ पोर पदरांत पडली. ह्यांत वंशजांचा तोटा झाला कीं लाभ? आमच्या मतें लाभच झाला. ज्या टिली दंपत्यानें आपली लेक घेऊन समुद्र ओलांडला आणि तिच्यासाठीं घर उभें राहण्यापूर्वींच प्राण सोडले, त्यांचें नांव त्यांचेच वंशज दीर्घकाळ घेत नव्हते. त्यांच्या जागीं ते दुसऱ्याचें नांव घेत होते. खोट्या पूर्वजाला मान देणें म्हणजे खऱ्या पूर्वजाचा मान काढून घेणें होय. वंशावळीच्या कामांत पुराव्याचा एवढा आग्रह कां, ह्याचें उत्तर येथें आहे.

आतां शोधाची रीत पाहूं. पहिला नियम असा कीं, आपल्यापासून आरंभ करून एकेक पिढी मागें जावें. पुष्कळ लोक इतिहासांतील एखादा नामांकित पुरुष धरितात आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत वाट काढूं पाहतात. मग आडनांव जुळलें कीं नातें जुळलें असें त्यांस वाटूं लागतें. वस्तुतः एकाच गांवांत एकाच नांवाचे दोन-तीन इसम सहज असत. त्यांस ओळखण्यासाठीं लोक 'सीनियर' व 'ज्युनियर' म्हणत. पण त्याचा अर्थ बाप व मुलगा असाच होतो असें नाहीं. त्यांत एक वयानें थोर व एक लहान, एवढेंच त्यावरून कळतें.

दुसरा नियम, ज्या कागदाला खोटें बोलण्याचें कारण नव्हतें तो आधीं पाहावा. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद ठेवण्याचा हुकूम १६३९ सालीं झाला. परंतु सर्व गांवांत तो सारखा पाळला गेला नाहीं, आणि कित्येक वह्या नष्टहि झाल्या. तेव्हां मृत्युपत्रें, खरेदीखतें, कोर्टाचीं दप्तरें, कराच्या याद्या व मयताच्या मालमत्तेचे तक्ते यांकडे वळावें लागतें. स्त्रियांचा माग काढणें तर विशेष कठीण, कारण लग्नाबरोबर त्यांचें आडनांव बदलतें. हाउलंडच्या १६७२ सालच्या मृत्युपत्रांत मुलींचीं नांवें त्यांच्या सासरच्या आडनांवांसह दिलीं आहेत. त्या एका कागदामुळें पुढच्या अनेक घराण्यांचे दुवे सांधतां आले.

तिसरा नियम, जुना शब्द जुन्या अर्थानें वाचावा. त्या काळीं 'सन-इन्-लॉ' ह्या शब्दानें जांवई कळे, तसाच सावत्र मुलगाहि कळे. 'कझिन' म्हणजे पुष्कळदां पुतण्या किंवा भाचा. 'मिसेस' हा शब्द लग्नापेक्षां प्रतिष्ठा दाखवी. तारखांचीहि गोष्ट अशीच. १७५२ सालापर्यंत इंग्लंडांत व त्याच्या वसाहतींत नवें वर्ष २५ मार्च रोजीं लागे. म्हणून हाउलंडचा मृत्यु त्यांच्या गणनेनें २३ फेब्रुवारी १६७२ रोजीं आणि आपल्या गणनेनें १६७३ त झाला. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाहीं तो बापाच्या मृत्यूचें साल चुकवील आणि मग मुलाच्या जन्माविषयीं नसत्या शंका काढीत बसेल.

चौथा नियम, दगडावर कोरलें म्हणून खरें मानूं नये. मेफ्लॉवरवर मोर आडनांवाचीं चार लहान भावंडें होतीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं आईबापें नव्हतीं. तिघें पहिल्याच हिंवाळ्यांत वारलीं. रिचर्ड तेवढा जगला, दर्यावर्दी कप्तान झाला आणि सेलम गांवीं त्याला मूठमाती मिळाली. त्याच्या थडग्यावर १६९२ हें मृत्यूचें साल आहे. परंतु तो मजकूर मागाहून कोरलेला असून, १६९४ सालीं रिचर्ड जिवंत असल्याचा कागदोपत्रीं पुरावा आहे. हीं मुलें एकटीं कां पाठविलीं, ह्याचा उलगडा तर तीनशें वर्षें झाला नव्हता. १९५९ सालीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत मोर घराण्याच्या जुन्या कागदांतून तो झाला. आईबापांच्या कलहांत, हीं मुलें आपलीं नव्हेत असा संशय घेऊन बापानें त्यांस दूर धाडलें होतें. सत्य हें असें कडूहि निघतें. शोधकानें तें लपवूं नये.

असो. न्यू इंग्लंड प्रांतांत कागद थोडे तरी आहेत. दक्षिणेकडील व्हर्जिनियांत अडचण याहून मोठी. तेथें १६१८ पासून, जो कोणी स्वखर्चानें माणूस आणील त्यास माणशीं ५० एकर जमीन मिळे. त्यामुळें जमिनीच्या सनदांत आलेल्या माणसांचीं नांवें सांपडतात. पण एकाच माणसाच्या नांवावर दोघांनीं जमीन मागितल्याचेहि प्रकार झाले, आणि सनदेचें साल हें आगमनाचें साल असेलच असें नाहीं. शिवाय यादवी युद्धाच्या काळीं कित्येक जिल्ह्यांनीं आपलीं दप्तरें सुरक्षित राहावींत म्हणून रिचमंड शहरीं पाठविलीं होतीं. १८६५ च्या एप्रिलांत त्या शहराला आग लागली आणि तीं तेथेंच भस्म झालीं.

जेथें कागद नाहीं तेथें लबाडीला वाव मिळतो. गुस्ताव्ह अंजू नांवाचा एक गृहस्थ १९४२ सालीं वारला. त्यानें पैसे घेऊन अमेरिकेंतील धनिकांस सुंदर वंशावळी करून दिल्या. त्यांत बऱ्याच नोंदी खऱ्या असत, आणि नेमका मोक्याचा दुवा, म्हणजे इंग्लंडांतील थोर घराण्याशीं जोडणारा, बनावट असे. त्या वंशावळी आजहि ग्रंथालयांत आहेत व भोळे वाचक त्या उतरून घेतात. पूर्वज विकत घेण्याची इच्छा जोंवर आहे तोंवर विकणाराहि निघणारच.

ह्याच्या उलट, कांहीं लोकांना खरें नांव मिळणेंहि दुरापास्त केलें गेलें. १६१९ सालीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसहून थोडीं अधिक आफ्रिकी माणसें गुलाम म्हणून उतरविण्यांत आलीं. १६२५ च्या गणनेंत त्या समाजांतील एका स्त्रीची नोंद 'अँजेलो' एवढ्या एका नांवानें आहे. आडनांव नाहीं, आईबाप नाहींत. १८५० च्या खानेसुमारींत सर्व स्वतंत्र माणसांचीं नांवें प्रथमच लिहिण्यांत आलीं. पण त्या वर्षीं व १८६० सालींहि गुलामांची निराळी यादी झाली, आणि तींत मालकाच्या नांवाखालीं वय, स्त्री कीं पुरुष व वर्ण एवढेंच लिहिलें गेलें. ह्या लोकांच्या वंशजांना सर्वांचीं नांवें प्रथम भेटतात तीं १८७० च्या खानेसुमारींत. त्याच्या मागें जावयाचें तर मालकांचीं मृत्युपत्रें व मालमत्तेचे तक्ते चाळावे लागतात, आणि तेथें गायी, घोडे व भांडीं यांच्या ओळींत किंमतीसह आपली पणजी सांपडते. अलीकडे लाळेच्या नमुन्यावरून डी. एन. ए. ची परीक्षा होते, तिचें साह्य मोठें आहे. दोन माणसें एका पूर्वजाचीं असावींत हें ती सांगते, पण त्या पूर्वजाचें नांव सांगत नाहीं. तें अखेर कागदांतच शोधावें लागतें.

विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत एक उद्योग करून पाहावा. एका वहींत आपल्या घराण्याचीं नांवें आपल्यापासून मागें लिहावीं, आणि प्रत्येक नांवापुढें हें आपणांस कोणी सांगितलें, किंवा कोणत्या कागदांत पाहिलें, तें तारखेसह टिपावें. आईकडील घराण्यासहि तितकींच पानें द्यावीं. घरांतील वडील मंडळींनीं मुलांस जुनीं खतें व पत्रें दाखवावीं, आणि जें स्वतःस नक्की ठाऊक नाहीं तें नक्की म्हणून सांगूं नये. जेथें पुरावा संपेल तेथें जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पाहून पुढला कोणी तरी शोध करील. तेथें खोटें नांव घातलें तर तो शोध करण्याचें कारणच त्याला दिसणार नाहीं.