केसांची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

प्रश्न : टीएसएच एकदम खाली, फ्री टी-४ वर. पण ना वजन घटलं, ना धडधड, ना हात थरथरतात. केस गळतात म्हणून दोन महिने बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. थायरॉइडचं औषध सुरू करावं का?

उत्तर : या भगिनीने गोळीचा उल्लेख केला, हे फार बरं झालं. गोम तिथेच असू शकते.

शरीराला रोज लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन. ही गोळी त्याच्या तीनशेपटीहून जास्त. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत टीएसएचला पकडणाऱ्या अँटिबॉडीला बायोटिनची शेपटी जोडलेली असते. ती शेपटी स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेल्या बारीक कणांना चिकटते. रक्तातच बायोटिन मुबलक असलं की त्या जागा तेच अडवतं, आणि पकडलेलं टीएसएच धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातं. आकडा खोटाच खाली येतो. टी-४ च्या चाचणीत हिशेब उलटा असतो : यंत्राला मिळणारा संकेत जितका मंद, तितका हार्मोन जास्त. म्हणून तो आकडा फुगतो. कागदावर थेट ग्रेव्हज आजार, म्हणजे थायरॉइडचा अतिरेक!

अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकारात तपासल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडाही असाच खोटा कमी येऊ शकतो, आणि ते जिवावर बेतणारं आहे.

तेव्हा औषधाची घाई नको. गोळी किमान दोन दिवस बंद ठेवून, डॉक्टरांना तसं सांगून, चाचणी पुन्हा करावी. प्रयोगशाळेतही गोळीचं नाव आणि मात्रा लिहून द्यावी.