राखणीच्या कुत्र्याची खाज : तिचीं कारणें व उपचार

गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरी व तिच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ऊस, भात, भुईमूग, सोयाबीन हीं पिकें होतात. गांवापासून दूर असलेल्या खोपींत किंवा गोठ्यांत रात्रीच्या राखणीस कुत्रें हाच शेतकऱ्याचा सोबती असतो. रानडुकराची चाहूल प्रथम त्यासच लागते. बैल आजारी पडला कीं आपण लगेच दवाखाना गांठतों. परंतु कुत्रें खाजवूं लागलें म्हणजे “उष्णता झाली असेल” असें म्हणून तिकडे दुर्लक्ष करतों. पुढें केस झडून अंग उघडें पडलें व दुर्गंधि येऊं लागली कीं त्यास रॉकेल अगर इंजिनाचें जळकें तेल फांसण्यांत येतें, आणि तेंहि न साधल्यास त्यास हांकून देण्यांत येतें. वस्तुतः अशा पुष्कळ कुत्र्यांचें दुखणें कांहीं आठवड्यांत बरें होण्याजोगें असतें.

या विषयांत पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही कीं, खाज हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण होय. ताप जसा अनेक कारणांनीं येतो, तशीच खाजहि अनेक कारणांनीं सुटते. कारण न शोधतां केलेला उपचार म्हणजे कोणतें पीक आहे हें न पाहतां टाकलेलें खत. कारणांचा शोध पुढील क्रमानें घ्यावा.

१. पिसवा व गोचिडी

प्रथम पिसवा पाहाव्या. कुत्र्यास ओल्या पांढऱ्या फडक्यावर उभें करून शेपटीच्या बुडाकडील केस उलट्या दिशेनें चोळावे. खालीं पडलेल्या काळ्या कणांभोंवतीं तांबूस डाग उमटल्यास ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलें रक्त होय. डाग न उमटल्यास ती केवळ माती. कित्येक कुत्र्यांस पिसवेच्या लाळेचें वावडें असतें. अशा कुत्र्याच्या कमरेवरील व मांड्यांच्या आंतील केस झडतात, आणि त्यास चार दोन पिसवांचा दंशहि पुरे होतो.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा त्यांच्या एकंदर संख्येचा अल्प भाग असतो. अंडीं केसांतून घरंगळून जमिनीवर पडतात. अळ्या गोणपाटांत, भेगांत व केरांत वाढून कोष करतात. उबदार व दमट हवेंत हें चक्र सुमारें तीन आठवड्यांत पुरें होतें. मात्र कोषांतील पिसू कित्येक महिने दबून राहूं शकते. म्हणून कुत्र्यास एकदांच औषध लावून स्वस्थ बसल्यास महिन्याभरांत पुन्हां पूर्वीचीच स्थिति होते. त्याचें गोणपाट दर आठवड्यास उकळत्या पाण्यांत घालून कडक उन्हांत वाळवावें, बसावयाची जागा झाडून केर जाळावा, आणि घरांतील सर्व कुत्र्यांमांजरांवर एकाच वेळीं उपचार सुरू करून ते निदान तीन महिने चालवावे.

गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ उपटावी. बोटांनीं चिरडूं नये. गोचिडीमुळें कुत्र्याच्या रक्तांत रोगजंतु शिरून तापहि येतो. हिरड्या पांढुरक्या पडल्या व कुत्र्यानें खाणें सोडलें, तर त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत न्यावें.

२. खरूज : दोन प्रकार

खरूज अतिसूक्ष्म किड्यांमुळें होते. त्यांचे मुख्य प्रकार दोन. सार्कोप्टीस नांवाचा किडा कातडींत बिळें करून अंडीं घालतो. कानाच्या कडा, कोपरे, टांचा व पोट येथें खपल्या धरतात आणि खाज इतकी सुटते कीं कुत्र्यास झोंप येत नाहीं. कानाची कड बोटांनीं चोळतांच तें मागला पाय खाजविण्यासाठीं हलवूं लागलें, तर या खरजेचा दाट संशय घ्यावा. ही एका कुत्र्याची दुसऱ्यास लागते. म्हणून एकत्र राहणाऱ्या सर्वांस औषध द्यावें. कुत्र्यास कवटाळणाऱ्या मुलांच्या हातांवर व पोटावरहि पुरळ येतें. कुत्रें बरें झालें म्हणजे तें बहुधा ओसरतें, न ओसरल्यास डॉक्टरांस दाखवावें.

दुसरा किडा डेमोडेक्स. तो पिलांस जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईपासून मिळतो. डोळे, तोंड व पुढले पाय यांवर केसविरहित चट्टे पडतात. आरंभीं खाज थोडी असते. तो माणसांस लागत नाहीं व पुष्कळ पिलें आपोआप बरीं होतात. मोठ्या कुत्र्यास हा रोग झाल्यास मात्र अंगांत दुसरें कांहीं दुखणें आहे काय, हें तपासून घ्यावें.

३. ओल, गजकर्ण व वावडें

जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगावरील केस ओले राहिले कीं कातडीवर जंतु माजून ओलसर चट्टे पडतात. भिजलेलें कुत्रें कोरड्या फडक्यानें पुसावें; चट्ट्याभोंवतींचे केस कातरून जागा मिठाच्या कोमट पाण्यानें धुवावी व कोरडी ठेवावी. कर्नाटकांतील मुधोळची शिकारी जात आखूड केसांची. तिच्या अंगावरील चट्टा लगेच दिसतो. दाट केसांच्या कुत्र्यांत तो दडून राहतो. म्हणून आठवड्यांतून एकदां केस पालथे करून सर्व अंग पाहण्याचा परिपाठ ठेवावा. वाटोळे, कोरडे, केस तुटलेले चट्टे असल्यास तें गजकर्ण असूं शकतें. तें मुलांसहि लागतें.

वरीलपैकीं कांहींच न आढळल्यास वावड्याचा विचार करावा. हवेंतील परागकण, धूळ इत्यादींचें वावडें बहुधा सहा महिने ते तीन वर्षें या वयांत प्रथम दिसतें. कुत्रें पंजे चाटतें, कान व काखा लाल होतात. हें मुळापासून जात नाहीं, परंतु औषधानें आटोक्यांत राहतें. अन्नाचें वावडें असल्यास खाज बारमाही असते. त्याची परीक्षा अशी : कुत्र्यानें पूर्वीं कधींहि न खाल्लेलें एक मांस किंवा मासा व भात, एवढेंच आठ आठवडे द्यावें, दूध, बिस्किट, उष्टें कांहींहि नको. खाज थांबली व जुनें अन्न देतांच पुन्हां सुटली, म्हणजे कारण सांपडलें. ही परीक्षा पशुवैद्यांच्या सल्ल्यानें करावी.

४. काय करूं नये

रॉकेल, फिनेल व जळकें तेल हीं औषधें नव्हेत. त्यांनीं कातडी भाजते, आणि कुत्रें अंग चाटून तें विष पोटांत घेतें. गुरांच्या गोचिडांवर फवारण्याचें औषध अंदाजानें कुत्र्यास चोळूं नये. कुत्र्यांसाठीं असलेलें परमेथ्रिन हें औषध मांजरास प्राणघातक ठरतें. माणसांची आयबुप्रोफेन ही गोळीहि कुत्र्यास विषारी होय. कडुनिंबाच्या पाल्याचें पाणी कातडी निववितें, परंतु बिळांतील किडे त्यानें नाहींसे होतील असा भरंवसा धरूं नये.

आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन अनेक गोठ्यांत असतें. ज्या संशोधनांतून तें निघालें, त्याबद्दल कँपबेल व ओमुरा यांस सन २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु चांगलें औषधहि प्रमाण सोडलें कीं घातक होतें. गुरांस तें दर ५० किलो वजनास १ मिलिलिटर देतात. १५ किलोच्या कुत्र्यास कोणीं अंदाजानें ३ मिलिलिटर टोंचलें, तर तें त्या मानाच्या दसपट झालें. शिवाय कॉली व तत्सम मेंढपाळी जातींच्या पुष्कळ कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो. त्याचें मूळ सन २००१ मध्यें कळलें. अशा कुत्र्याच्या मेंदूंत हें औषध सांठून तें झिंगतें, बेशुद्ध होतें व मरूंहि शकतें.

५. दवाखान्यांत नेतांना

खाज कधीं सुरू झाली, कोठून सुरू झाली, घरांत आणखी कोणास आहे काय, कुत्रें काय खातें व आजवर काय लावलें, हें टिपून न्यावें. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली म्हणजे खरजेचा किडा पुष्कळदां सांपडतो. सार्कोप्टीस मात्र चुकवितो, म्हणून न सांपडला तरी उपचार करावे लागतात. पिसवा, गोचिडी व खरूज या तिन्हींवर चालणाऱ्या पोटांत द्यावयाच्या गोळ्या आतां मिळतात. त्या वजनाप्रमाणें देतात. कुत्र्यास फेंफरें येत असल्यास तें आधीं सांगावें. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानें खाज एका दिवसांत थांबते, परंतु कारण तसेंच राहतें. म्हणून “तेवढेंच टोंचा” असा आग्रह धरूं नये.

खरजुल्या कुत्र्यास कोणी शिवत नाहीं. म्हणून त्यास पिसाळरोगाची लस टोंचण्याचेंहि राहून जातें, आणि हांकून दिलेलें असें कुत्रें गांवभर फिरतें. पिसाळरोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर उपाय नाहीं. सबब खाजेसाठीं दवाखान्यांत नेलें असतां लसीबद्दलहि विचारावें.

सारांश : आधीं पिसवा पाहाव्या, मग खरूज, मग ओल व गजकर्ण, शेवटीं वावडें. कुत्र्याबरोबर त्याची जागाहि स्वच्छ करावी. आणि ज्याचें प्रमाण ठाऊक नाहीं तें औषध मुक्या प्राण्याच्या अंगास लावूं नये.