जुन्या मोटारीची निगा : तेलाच्या एका थेंबाचा धडा

‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ज्या नियमानें तळें भरतें त्याच नियमानें तें रितेंही होतें, ही गोष्ट मला आमच्या घरच्या जुन्या मोटारीनें शिकविली. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मोटार किंवा निदान मोटारसायकल असेल. ती जुनी होऊं लागली म्हणजे तिच्याखालीं जमिनीवर तेलाचा काळा डाग दिसूं लागतो. डाग पुसणें सोपें आहे. त्याचा उगम शोधणें कठीण आहे. आणि उगम न शोधतां केलेली दुरुस्ती बहुधा व्यर्थ, व कधीं कधीं घातकही होते. हेंच येथें स्वानुभवानें सांगण्याचें योजिलें आहे.

आमची मोटार

आमची मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ जातीची आहे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ सालापासून ही मोटार ‘फियाट ११०० डिलाइट’ या नांवानें निघूं लागली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिला चितोडच्या राणी पद्मिनीचें नांव मिळालें. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें पेट्रोलवर चालणारें एंजिन, आणि स्टिअरिंगच्या खांबालाच बसविलेला गिअरचा दांडा, ही तिची ओळख. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें कित्येक वर्षें लोकांची सेवा केली. त्या टॅक्सींपैकीं शेवटची २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मोटार माझ्या वडिलांनीं वापरलेली म्हणून विकत घेतली. तेही शिक्षकच होते. दर शनिवारीं सकाळीं चहा घेण्यापूर्वीं बोनेट उघडून ते डिपस्टिक काढीत, चिंधीनें पुशीत, पुन्हां बुडवून पाहात, आणि एका वहींत दोन शब्द लिहीत. त्यांच्यामागें मोटार माझ्याकडे आली. वही मात्र मीं कपाटांत ठेवून दिली.

घाटांतील प्रसंग

गेल्या वर्षीं एप्रिलांत मोटारीखालीं रुपयाएवढा डाग दिसूं लागला. बोनेट उघडून पाहतों तों एंजिनाच्या माथ्यावरील झाकण, ज्याला मिस्त्री लोक टॅपेट कव्हर म्हणतात, तें कडेनें ओलें दिसलें. मीं पाना घेतला आणि हातांत होतें तेवढें बळ लावून त्याचे नट आवळले. “आतां थेंबभरही गळणार नाहीं,” असें आठवींत शिकणाऱ्या माझ्या मुलीला मोठ्या दिमाखानें सांगितलेंही.

मे महिन्यांत माझ्या वृद्ध आईला नाशिकजवळच्या आमच्या गांवीं पोंचविण्यासाठीं आम्ही निघालों. कसारा घाट चढूं लागलों तेव्हां समोरचा तांबडा दिवा क्षणभर लागला व विझला. पुढच्या वळणावर पुन्हां तसेंच झालें. मागून मुलगी म्हणाली, “बाबा, तो लाल दिवा वळणावरच कां लागतो?” त्या प्रश्नानें माझे डोळे उघडले. गाडी ताबडतोब कडेला घेऊन एंजिन बंद केलें. बोनेट उघडतांच जळक्या तेलाचा वास आला. टॅपेट कव्हराच्या कडेनें ओघळलेलें तेल एग्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडून धूर निघत होता. डिपस्टिकच्या अगदीं टोकाला तेवढें तेल लागलें.

अर्धा तास आई रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन बसली. वडिलांच्या रिवाजाप्रमाणें डिकींत तेलाचा एक डबा होता, म्हणून आम्ही वांचलों. एंजिन निवल्यावर तेल ओतलें, नळीवरचें तेल पुसलें, आणि थांबत थांबत, तेल पाहात पाहात इगतपुरी गांठली. आई रागावली नाहीं, तिनें एवढेंच विचारलें, “तुझे वडील दर शनिवारीं ती काठी काढून पाहात असत. तूं पाहिली होतीस का रे?” मजजवळ उत्तर नव्हतें.

तेल काय करतें?

मुलीच्या प्रश्नाचें उत्तर असें. एंजिनाच्या तळाशीं तेलाचें एक भांडें असतें. त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात. तेथून पंप तेल ओढून सर्व भागांना पुरवितो. चेंबरमधील तेल फार उतरलें म्हणजे वळणावर तें एका बाजूस जातें, पंपाच्या तोंडाशीं हवा येते, दाब पडतो आणि दिवा लागतो. म्हणून तो दिवा म्हणजे सूचना नव्हे, आज्ञा आहे. तो लागतांच एंजिन बंद केलेंच पाहिजे.

तेलाचें महत्त्व एका हिशेबानें कळेल. एंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात; दर फेऱ्याला पिस्टन एकदां वर व एकदां खालीं जातो; म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळां धांवतो. धातूवर धातू इतक्या वेगानें घांसली तर थोड्याच वेळांत एंजिन जाम होईल. तेलाचा पातळ पडदा त्यांना एकमेकांस शिवूं देत नाहीं. शिवाय तेल उष्णता वाहून नेतें, काजळी व बारीक कीस आपल्यांत घेतें आणि गंज चढूं देत नाहीं. तेल काळें पडतें तें याच कामामुळें. आणि म्हणूनच तें ठराविक मुदतीनें बदलावें लागतें.

गळती कां होते?

एंजिनाचे भाग जेथें जोडले जातात तेथें मध्यें बुचाचें, रबराचें किंवा कागदी पॅकिंग असतें. फिरणारा दांडा जेथून बाहेर येतो तेथें रबरी ऑइल सील असतें. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें बूच सुकून आक्रसतें, रबर कडक होतें, आणि फटींतून तेल पाझरूं लागतें. येथें आपण स्वाभाविकपणें नट आवळूं जातों, आणि तेथेंच चुकतों. फाजील आवळल्यानें बूच चिरडतें. पत्र्याची कड नटाच्या जागीं खालीं दबते व दोन नटांच्यामध्यें उचलली जाते. ओलावा होता तेथें मग धार लागते. माझें नेमकें हेंच झालें होतें.

याहून खोल असें एक कारण आहे. पिस्टनच्या कडेनें थोडा वायु नेहमीं खालीं निसटतो. त्याला बाहेर जाण्यासाठीं ब्रीदर नांवाची नळी असते. ती चिकट काजळीनें बुजली तर आंत दाब वाढतो, आणि तो दाब जेथें दुबळी जागा सांपडेल तेथून तेल बाहेर लोटतो. अशा वेळीं दहा वेळां नवें पॅकिंग घातलें तरी तें टिकत नाहीं.

थेंबाचा माग

गांवाहून परत आल्यावर आम्ही बापलेकींनीं पहिल्यापासून आरंभ केला. तुम्हांसही हाच क्रम उपयोगीं पडेल.

प्रथम, गळतें तें काय हें ठरवावें. सपाट जागीं उभ्या केलेल्या मोटारीखालीं रात्रीं खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरावा व त्यावर चाकांच्या खुणा कराव्या, म्हणजे सकाळीं डाग कोणत्या भागाखालीं पडला तें कळतें. तपकिरी किंवा काळें व बुळबुळीत तें एंजिनाचें तेल. दाट व उग्र गंधकी वासाचें तें बहुधा गिअरचें किंवा मागच्या आंसाचें. हिरवट किंवा गुलाबी पाण्यासारखें तें रेडिएटरचें कूलंट. तें चवीला गोडसर पण विषारी असतें, म्हणून मुलें व कुत्रीं दूर ठेवावीं. चाकाजवळ पातळ, पिवळसर डाग असेल तर तें ब्रेक ऑइल समजावें, आणि मिस्त्रीनें पाहिल्यावांचून मोटार रस्त्यावर नेऊं नये. पेट्रोलचा वास आला तर जवळ विस्तव किंवा काडी पेटवूं नये.

दुसरें, एंजिन निवल्यावर स्वच्छ करावें. कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर प्लॅस्टिकच्या पिशवीनें झांकावे, आणि साबणाचें पाणी व ब्रश यांनीं सांचलेला थर काढावा. पेट्रोलनें कधींही धुऊं नये. ज्या एंजिनावर जुना चिखल आहे त्यावरील नवी गळती ओळखतां येत नाहीं.

तिसरें, एंजिन वाळल्यावर संशयित सांध्यांवर अंगाला लावण्याची साधी पावडर हलकेच शिंपडावी, आठ-दहा किलोमीटर मोटार चालवावी, आणि परत येऊन, पण तापलेल्या भागांना हात न लावतां, बॅटरीच्या उजेडांत पाहावें. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ स्पष्ट उमटते. तेल वरून खालीं ओघळतें आणि वाऱ्यानें पुढून मागें जातें. म्हणून ओलें दिसेल त्या जागीं न थांबतां सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. थेंब पडतो एकीकडे आणि निघतो दुसरीकडे.

आम्हांस दोन उगम सांपडले. एक टॅपेट कव्हर. दुसरा एंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यांतून येणारा बारीक थेंब. आणि ब्रीदरची नळी सोडून पाहिली तों तिच्यांत जेमतेम काडी जाईल एवढीच वाट उरली होती.

दुरुस्ती

ब्रीदरची नळी आम्ही धुऊन मोकळी केली. टॅपेट कव्हर उतरविलें. जुनें पॅकिंग लांकडी चपट्या काडीनें खरवडलें, कारण लोखंडी हत्यारानें धातूला चरे पडतात. कचरा आंत पडूं नये म्हणून वरून स्वच्छ फडकें पसरलें होतें. कव्हराची वांकलेली कड लांकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीनें सरळ केली. सुट्या भागांच्या दुकानांतून आणलेलें नवें पॅकिंग बसवून सर्व नट आधीं बोटांनीं फिरविले, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळले. बूच किंचित् दबलें तेथें थांबलों. या वेळीं पाना मुलीच्या हातीं होता, आणि तिचें बळ त्या कामास पुरेसें होतें.

चेंबरच्या तळाचा, तेल काढण्याचा बोल्टही पुष्कळदां गळतो. तेथें तेल बदलतेवेळीं नवा वायसर घालावा. आटे तुटेपर्यंत आवळूं नये.

दुसरा थेंब मात्र मागच्या ऑइल सीलचा होता. तें बदलण्यासाठीं गिअरबॉक्स उतरावा लागतो. तें काम घरचें नव्हे. स्वतः करण्याजोगें काय व जाणत्याकडे सोंपविण्याजोगें काय, हें ओळखणें हाही कौशल्याचाच भाग आहे. तोंपर्यंत आम्ही मोजणी केली. समजा, तेलाचे ३० थेंब मिळून एक घन सेंटिमीटर होतें, आणि मिनिटाला एक थेंब पडतो. दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ४८ घन सेंटिमीटर. अशानें तीन आठवड्यांत एक लिटर तेल नाहींसें होईल. आमचा थेंब याहून पुष्कळ सावकाश पडत होता. म्हणून शाळेची परीक्षा संपेपर्यंत वाट पाहिली व मग मोटार गॅरेजांत दिली.

सावधगिरी

नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं कोणीही, क्षणभरसुद्धां, जाऊं नये. जॅक उचलण्यासाठीं आहे, पेलण्यासाठीं नाहीं. मोटार भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना अडण लावावी. विटांवर विसंबूं नये; त्या एकाएकीं फुटतात. एंजिन चालू असतां ओढणी, सैल बाही व मोकळे केस पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावे. विद्यार्थ्यांनीं यांतील कोणतेंही काम वडील माणसावांचून करूं नये.

जुनें तेल कातडीला अपायकारक असतें, हातमोजे घालावे. लांकडाला वाळवी लागूं नये म्हणून तें खांबांना फांसण्याची चाल खेड्यांत आहे, आणि शहरांत तें सर्रास गटारांत ओततात. दोन्ही वाईट, कारण तें शेवटीं जमिनींत व पाण्यांत उतरतें. डब्यांत सांठवून अधिकृत रीतीनें गोळा करणाऱ्याकडेच तें द्यावें.

शनिवारची वही

एवढें सर्व झाल्यावर वडिलांची वही मीं कपाटांतून काढली. आतां दर शनिवारीं मोटार सपाट जागीं व थंड असतां मुलगी डिपस्टिक पाहते. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. कमी तर वाईटच, पण वरच्या खुणेहून अधिकही घालूं नये. आमच्यासारख्या जुन्या पेट्रोल मोटारीस आपल्या हवेंत सामान्यतः २०डब्ल्यू-४० जातीचें तेल चालतें. तरी मोटारीबरोबरच्या पुस्तिकेंत जें सांगितलें असेल तेंच प्रमाण मानावें. त्याच वेळीं कूलंट, ब्रेक ऑइल, पंख्याचा पट्टा व टायरांतील हवाही पाहावी. तारीख, किलोमीटर आणि किती तेल घातलें, एवढें टिपावें. दहा मिनिटांचें हें काम आहे. परंतु नेहमींपेक्षां अधिक तेल लागूं लागलें तर वही तें तांबड्या दिव्याच्या कितीतरी आधीं सांगते.

वडिलांच्या अक्षरांतील शेवटच्या ओळीखालीं कित्येक वर्षांची जागा कोरी राहिली आहे. ती कोरी जागा माझी आहे. तिच्याखालीं आतां माझ्या मुलीचें अक्षर सुरू झालें आहे. बालमित्रांनो, आपापल्या घरीं अशी एखादी वही उघडा, आणि तुमच्या घरच्या कोणी मजसारखी ती मिटून ठेवली असेल, तर शनिवारीं सकाळीं नम्रपणें, पण न चुकतां, विचारा : “काठी पाहिली का?”