अणुसामग्रीचे रक्षण शिकू पाहणाऱ्या भाचीस



पदवीनंतर अणुसामग्रीच्या संरक्षणाचे काम पत्करण्याचा तुझा मानस ताईच्या पत्रावरून कळला आणि फार समाधान वाटले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९५७ पासून चालत आलेल्या प्रशिक्षण विद्यालयात तू प्रवेश मिळवावास, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण समृद्ध युरेनियम म्हणजे काय आणि गॅमा किरण शिशाच्या किती जाडीने अडतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती बंदोबस्त असला काय नि नसला काय, सारखेच. परंतु तेवढ्यावर थांबू नकोस.

१९९२ साली मॉस्कोजवळच्या पोडोल्स्क गावी एका अणुसंस्थेत काय घडले ते पाहा. प्रक्रियेत काही अंश वाया जायचाच, हे गृहीत धरून तेथील दप्तराने तुटीची मुभा ठेवली होती. एका जुन्या, कसबी कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष तूट त्या मर्यादेच्या आत राखली आणि जे वाचले ते अतिसमृद्ध युरेनियम थोडे थोडे करून घरी नेले; हिशेब जुळतच राहिला आणि सुमारे दीड किलोग्रॅम माल त्याच्यापाशी जमला. तो हाती लागला तोही पहारेकऱ्यांच्या दक्षतेने नव्हे. बॅटऱ्या चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याच्या शेजाऱ्यांना धरले, तेव्हा त्यांच्यासोबत हाही सापडला. महागाईने पगार मातीमोल झालेल्या या माणसाला हवे होते काय, तर नवा फ्रिज आणि शेगडी! कोणती तफावत निर्दोष मानावी हे तुला सांख्यिकी शिकवील. पण वर्षानुवर्षे इमानेइतबारे राबलेला मनुष्य कोणत्या गांजणुकीने ढळतो, हे जाणण्यासाठी मानसशास्त्राच्या आणि कायद्याच्या वर्गातही तुला तितक्याच निष्ठेने बसावे लागेल. अशा वर्गांना दुय्यम लेखणारे विज्ञानाचे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आपल्याकडचा दाखला याहूनही मनाला लागणारा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे किरणयंत्र २०१० साली लिलावात भंगार म्हणून विकले गेले, मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले, आणि एका कामगाराचे प्राण गेले. तेथे ना चोर होता, ना कुंपण तुटले होते. वस्तू आणि तिच्याविषयीचे ज्ञान यांची फारकत झाली होती, इतकेच. हा विषय विद्यापीठांनी शिकवण्याआधी स्वतः शिकावा, असे मी म्हणतो ते यासाठी. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अणुसुरक्षा शिकवणाऱ्या विद्यापीठांचे एक जाळे उभारले आणि हरियाणात बहादुरगडजवळ असे प्रशिक्षण देणारे केंद्र उभारण्याची घोषणा आपल्या सरकारनेही केली. तेव्हा वाटा पुष्कळ आहेत, आणि तुर्भ्याचे शिक्षण त्यांपैकी कोणत्याही वाटेवर वाया जाणार नाही.

तूर्त सुटीत अणुसामग्रीच्या भौतिक संरक्षणाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याची २००५ ची दुरुस्ती मुळातून वाचून काढ. पूर्वी ज्याचा रोख मुख्यतः सरहद्दीपलीकडच्या वाहतुकीवर होता, तो करार या दुरुस्तीने देशांतर्गत साठ्यांना आणि कारखान्यांनाही बंधनकारक झाला, पण ती अमलात यायला २०१६ साल उजाडले. हा विलंब का झाला, याचा शोध घे. जी कलमे उलगडणार नाहीत त्यांवर खूण करून ठेव. दिवाळीला आलीस म्हणजे दोघे बसून पाहू.

तुझा,
मामा